मामींच्या फोटोचं वर्णन

ती. बाळासोमामांस,

पूर्णिमाचा कोल्हापूरहून नमस्कार, मामींनाही (त्या घेतील तर). तुमचा गुडघा, दोन्ही म्हशी आणि गगनबावड्याचं धुकं आपापल्या जागी असेल असं धरून चालते. विचारायला मामींना फोन लावला तर माझा आवाज ऐकताच त्या तो बंद करतात, आणि तुम्हाला लावला तर मागून "ठेवा की आता" ऐकू येतं. आज तेवीस दिवस झाले. रोजनिशीत मोजलेत.

चूक कुठे झाली ते पहिल्यापासून तपासून बघते. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या तुमच्या दोन खोल्या आणि मामींच्या हातचं जेवण यांचं वेबपान करायचं मी चव्वेचाळिसाव्या वर्षी अंगावर घेतलं, तेव्हा तुमचा विश्वजित म्हणाला होता, "तायडे, ह्ये तुझं काम न्हाय. तू आपली लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मार." मला ते लागलं. एचटीएमएल आणि सीएसएस या पान बांधायच्या भाषांचे धडे घेऊन मी तीन आठवड्यांत पान उभं केलं. दिसायला झकास होतं. शीर्षकं मोठी आणि ठळक केली होती, फक्त ही शीर्षकं आहेत असं कोडमध्ये कुठे सांगितलंच नव्हतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या तुमच्या फोनने त्यामुळे खोल्यांचे दर, आमटी आणि गाडी लावायची जागा एका दमात वाचली, आणि तुम्ही म्हणालात, "पोरी, ह्यो तर जोतिबाच्या यात्रंत हरवल्यागत बोलाय लागलाय." शिवाय मी चार ठिकाणी 'इथे दाबा' लिहिलं होतं. बघणाऱ्याला ते कळतं. तुम्हाला नुसतं चार वेळा 'इथे दाबा' ऐकू आलं आणि कुठे, कशासाठी, याचा पत्ता नाही. (पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरंही होती. ती मला स्वतःलाच चष्म्याशिवाय दिसत नव्हती, हे इथे कबूल करते.)

मग सगळं मोडून नीट लिहिलं. शीर्षकाला शीर्षक म्हटलं, बटणाला बटण, आणि प्रत्येक दुव्याला तो जिथे नेतो तिथलं नाव दिलं. तेव्हापासून, म्हणजे गेल्या दिवाळीपासून, पाहुण्यांचे फोन तुम्ही घेता, पान लावून दर ऐकता, कुठली खोली रिकामी ते सांगता. नजर गेल्याला आठ वर्षं झाली. विश्वजितच्या तोंडाकडे न बघता (हा शब्दप्रयोग चुकला, माफ करा), त्याला न विचारता तुम्ही चालवलेलं हे पहिलंच काम. मला त्याचा अभिमान होता. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मी फोटो घातले. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी फोटोमागे एक वर्णन लिहायचं असतं, फोन तेच वाचतो. फोटो नुसता शोभेचा असेल तर वर्णन रिकामं ठेवायचं, म्हणजे फोन तो ओलांडून पुढे जातो. गॉगल लावून बुलेटला टेकलेल्या विश्वजितचा फोटो मी बराच वेळ न्याहाळला, त्यातून पाहुण्याला काय माहिती मिळते याचा प्रामाणिक विचार केला, आणि वर्णन रिकामं ठेवलं. (फोन पान वाचतो तेव्हा तो अजून विचारतो, "ह्यात मी का येत न्हाय?")

मामींना मात्र न्याय द्यायचं ठरवलं. तीन मसुदे केले. 'प्रेमळ' लिहून खोडलं, कारण प्रेमळपणा त्या फोटोत दिसत नव्हता. शेवटी लिहिलं: 'पासष्टीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई चुलीपुढे भाकरी थापत आहेत. कपाळाला आठ्या.' तुम्ही स्वयंपाकघरात पान लावलंत, फोनने ते आपल्या सपाट आवाजात वाचलं, आणि मामींची भाकरी तव्याऐवजी राखेत पडली. मला काय माहीत, की केस अजून काळेच आहेत असं त्या तुम्हाला आजतागायत सांगत आल्यात.

नुसता फोटो काढून टाकते असं तुमच्यामार्फत कळवलं तर मामींना ते चालत नाही; पानच बंद करा म्हणतात. म्हणजे फोन पुन्हा विश्वजितकडे आणि तुम्ही पुन्हा अंगणातल्या कट्ट्यावर.

त्या दिवशी तुम्ही हळूच मला जे म्हणालात ते मी शब्दशः उतरवून ठेवलंय: "चार वर्सं झाली, घरात कलपाचा वास न्हाय. मी काय खुळा हाय व्हय? पर तिला बरं वाटतंय न्हवं, म्हणू दे की." मामींना सांगणार नाही, असं वचनही घेतलंत. ते मी पाळलंय. त्यांच्याशी एक शब्दही बोललेले नाही (बोलणार तरी कशी). माझ्यापुरता निष्कर्ष असा, की ऐकणाऱ्याचा विचार मी केला, पण जिचा फोटो तिला विचारलंच नाही. खरं लिहिण्याच्या नादात एवढं साधं राहून गेलं.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भाची,
पूर्णिमा

ता. क. कलपाची गोष्ट इथे लिहावी की नाही यावर दोन दिवस घालवले. वचन 'मामींना सांगणार नाही' असं होतं. पत्र तुम्हाला लिहिलंय. यात लबाडी आहे का, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

दुसरा ता. क. तुम्ही फोनवर आलेलं पत्र मोठ्या आवाजात लावता आणि भाकरीच्या वेळी चुलीशेजारीच बसता, म्हणून हे मुद्दाम साडेअकराला पाठवतेय. तर मामी, नमस्कार. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून मामांच्या नावाने तुम्हालाच लिहिलं. पान चालू राहू द्या. तुमचं वर्णन तुम्हीच सांगा, तुमच्या शब्दांत. मी त्यातलं अक्षर बदलणार नाही. केस काळे म्हणालात तर काळे लिहीन. मला जड जाईल, पण ऐकणारे मामा आहेत, आणि त्यांची काही तक्रार नाही.