टेकडीवरचं गुलाबी झाड

नानजिंग, २ मार्च १९८८

ह्वेईरूस,

आशीर्वाद नंतर. आधी उत्तर दे.

मी नानजिंगमध्येच आहे. कारखान्याच्या कामाने आलो, त्यांच्याच अतिथिगृहात उतरलोय. आज दुपारी मोकळा झालो तसा थेट बागेत गेलो, प्लमच्या टेकडीवर. सगळं शहर तिथे लोटलं होतं. पोरी फांद्यांना गाल लावून फोटो काढत होत्या, म्हातारे थर्मास उघडून बसले होते.

मी आपलं झाड शोधत होतो. आपल्या घराची गल्ली पाडली तेव्हा मला न विचारता तू ते बागेला देऊन टाकलंस. मंडपाच्या उजव्या हाताला लावलंय, पुढे बाबांच्या नावाची पाटी आहे, असं कळवलं होतंस. पाटी आहे. पाटीमागे गुलाबी फुलांचं झाड आहे! माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी अंगणात लावलं ते पांढरं होतं, फुलं देठाशी हिरवट. लानचौची धूळ खाण्यात माझं आयुष्य गेलं, पण पांढरं कुठलं नि गुलाबी कुठलं एवढं मला अजून कळतं.

आपलं झाड कुणाच्या अंगणात पोचवलंस? कुणाची मर्जी सांभाळलीस? आणि दर वर्षी आईचा हात धरून तिला कुणाच्या झाडासमोर उभी करतेस? तिला दिसत नाही याचा बरा फायदा घेतलास. रविवारी येऊन मी तिला सगळं सांगणार आहे. हे पत्र आमच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, कारण त्याआधी तुझं तोंड बघायची इच्छा नाही.

शौलिन


नानजिंग, ३ मार्च १९८८

ती. दादास,

नमस्कार करायची रीत आहे म्हणून नमस्कार.

गावात येऊन आईकडे यायला तुला फुरसत झाली नाही. झाडाकडे जायला झाली.

झाड मेलं, दादा. ऐकलंस? ट्रकमधून नेताना मुळांची माती सुटली. त्या उन्हाळ्यात मोज्यांच्या कारखान्यातली पाळी संपली की मी टेकडी गाठायची आणि तळ्यातून बादल्या वाहायची. नानजिंगचा उन्हाळा तू विसरला असशील. एक दिवस साल माझ्या हातात सुटून आली. बागेतल्या माणसांना दया आली, त्यांनी त्याच जागी दुसरं लावलं आणि बाबांची पाटी राहू दिली.

न विचारता दिलं म्हणतोस? दोन पत्रं घातली होती. तुझं उत्तर आलं ते गल्ली जमीनदोस्त झाल्यावर, आणि त्यातही चौकशी काय, तर तू पाठवलेले खायचे लिलीचे कंद पोचले का!

घर पडलं तेव्हा आईने अन्न सोडलं होतं. झाडाने तरी मूळ धरलं का, एवढंच विचारायची. धरलं, असं मी म्हणाले, तेव्हा कुठे तिने पेजेचा वाडगा हातात घेतला. आता दर वर्षी तिथे उभी राहते आणि म्हणते, वास पूर्वीसारखा येत नाही. दोष स्वतःच्या नाकाला देते. तेव्हा माझं काय होतं ते तुला सांगून उपयोग नाही.

रविवारी मी कामावर आहे. ये. तिला टेकडीवर ने आणि तिथेच सांग. मग तिचं बोचकं बांध आणि तिला लानचौला घेऊन जा. ते ऐकल्यानंतरची आई माझ्याच्याने सांभाळली जाणार नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

ह्वेईरू


लानचौ, १४ मार्च १९८८

ह्वेईरूस,

आईने तुला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. खरं काय झालं ते हे.

बसमध्ये तिला कुणीतरी जागा दिली, आणि बसल्या बसल्या तिने सगळ्या बसला ऐकवलं की माझ्या लेकीने भर उन्हात पाणी घालून झाड जगवलं. मी दांड्याला धरून उभा होतो, मनात वाक्य जुळवत.

झाडापाशी तिने खोड चाचपलं. म्हणाली, वाळलंय रे, म्हातारपणी सगळ्यांचंच असं होतं. मी म्हटलं, आई, तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, ते मग सांग, आधी हे सांग, पांढरं आहे ना?

मी म्हटलं, पांढरं आहे.

अगदी पूर्वीसारखं? अगदी पूर्वीसारखं, म्हटलं, देठाशी हिरवट. शेजारची एक बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. मी असे डोळे वटारले की ती निघूनच गेली.

आईने सुस्कारा सोडला. म्हणाली, ह्वेईरू सांगते ते मी निम्मंच धरते. मला बरं वाटावं म्हणून ती काहीही सांगेल. तू मात्र जन्मात कुणाशी गोड बोलला नाहीस. तू पांढरं म्हणतोस म्हणजे पांढरंच. मग तिने तिथल्या गाडीवरून कमळकाकडीत भरलेला गोड भात मागून घेतला आणि माझ्या वाट्याचाही खाल्ला.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. माझा राग गेलेला नाही. झाड मरू दिलंस, वर मलाही खोटं बोलायला लावलंस. आता दर वर्षी मीच येऊन बघून सांगावं अशी आईची आज्ञा आहे. तुझ्या शब्दावर भरवसा नाही म्हणे.

तेव्हा बहर लागला की कळव. येईन. तुझ्याशी बोलेनच असं नाही.

तुझा, नाइलाजाने का होईना, भाऊ
शौलिन