हवाबंद घराची वास्तुशांत

खराडी, सोमवार

ती. दाजींच्या पायांवर (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) सर्जेरावाचं डोकं. आक्का तुमच्यावर ओरडत असेल, म्हणजे खडकीत सगळं ठीक आहे. गुडघ्यामुळे आमच्या वास्तुशांतीला येणं तुमचं हुकलं. देवाने तुम्हाला वाचवलं.

आमच्या उल्काने आर्किटेक्ट झाल्यावर पहिलं घर बापाचंच बांधलं. वीज वाचावी म्हणून भिंती दुहेरी, मधे ऊन अडवणारे जाड तक्ते, आणि भिंत-खिडकी, भिंत-छत अशा प्रत्येक सांध्यात फोम भरून वर पट्टी. भर मे महिन्यात पंख्याशिवाय गार. (ताज्या हवेचं वेगळं यंत्र आहे, पण ते जोडणारा माणूस ‘उद्या येतो’ म्हणतोय.) म्हणून होम अंगणात करा, असं तिने बजावलं होतं. पण आमच्या घराण्याचा होम अंगणात? लोकांना वाटलं असतं, बिल्डरने अजून ताबा दिला नाही.

होम पेटला, उल्का प्रसादाचं बघायला माडीवर गेली, आणि मला पाहुण्यांना गारवा दाखवायची हौस आली. मी उठून सगळी दारं आणि खिडक्या लावल्या. दाजी, साध्या घरात धूर फटींतून जातो हे मला आजवर माहीतच नव्हतं. गुरुजींचे मंत्र खोकल्यात बुडाले. आत्याबाईंचे डोळे वाहू लागले, तर लोक म्हणाले, विकलेल्या जमिनीची आठवण झाली. शेवटी चुलतभाऊ भैरू बाहेर धावला, जाताना (गारवा जाऊ नये म्हणून) दार नीट लावून घेतलं, आणि बाहेरून “मानसं गुदमरत्यात, सरका!” म्हणत पहारीने भिंतीला भोक पाडलं.

त्या गोंधळात माडीवरून खाली आलेली उल्का टॉर्च घेऊन छताकडे बघत होती. धूर एकाच सांध्यातून निसटत होता. तिने तिथे खडूने खूण केली, मग भोक पाहिलं आणि रडायला बसली. गुरुवारी तपासणी आहे. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा ओढतात, फटी किती ते कळतं. पास झाली तर तिला एका शाळेच्या इमारतीचं काम मिळणार आहे. मकसूदमिस्त्रीने भोक आणि सांधा दोन्ही बुजवलेत. पण दारं कोणी लावली ते कळेपर्यंत ती कोणाशी बोलणार नाही म्हणते. मला ताट वाढते आणि भिंतीकडे बघते. मला ते फार लागलंय, दाजी.

थोरांना नमस्कार, पोरांना माझ्या नावाने एकेक पेढा.

तुमचा,
सर्जेराव

ता.क. घराला अजून तुपाचा वास आहे. सारखी भूक लागते.

ता.क. दुसरा. उल्का तुम्हाला फोन करेल. दारं तुम्ही लावली, असं मी तिला आत्ताच सांगितलंय, तेवढं फक्त ‘हो’ म्हणा. तुमच्यावर ती चिडत नाही. आणि तुम्ही आलाच नव्हता, याची काळजी नको. त्या धुरात कोण आलं, कोण नाही, कोणालाच दिसलेलं नाही.