अवकाशातल्या चपला

२५ जुलै १९८१, शनिवार

डोकं गरगरतंय! टीव्हीवरची एकोणचाळीस भागांची कार्टून मालिका म्हणे पिळून दोन तासांत बसवलीय. माणूस दारातून आत येतो तोवर त्याचं लग्नही मोडलेलं असतं. एक दाढीवाला मेला, अख्खं थेटर रडलं — मी तर त्याला पहिल्यांदाच बघत होते! शेजारच्या पोरीला विचारलं, "अगं, हा कोण?" हुंदके देत म्हणते, "आजी, तुम्ही अकरावा भाग नाही पाहिला?"

नाही बाई. मालिका लागायची शनिवारी साडेपाचला, आणि मी तेव्हा इथं फिती गुंडाळत असायची. यंत्र कादोवाकी मालक चालवतात, फिती माझ्याकडं. चौदा वर्षं. तुटलेली जोडली की कुठं जोडली ते मलाच सापडत नाही!

२८ जुलै

सहावी फीत तुटली. जोडली. दोन चित्रं गेली, नखाएवढी. कुणाला पत्ता नाही.

३० जुलै, गुरुवार

पत्ता लागला वाटतं! मिसाओ नावाची पोरगी, शाळेत ह्या मालिकेचं मंडळ चालवते. शिबिरातून कालच आली, आज सात जणांना घेऊन खेळ बघितला आणि बाहेर येऊन तिकिटाच्या खिडकीवर मूठ आपटली.

"आजी, वाक्य कापलंय!"

"कुठलं गं?"

"शेवटचं! सोमा एकटा छोट्या यानात बसून मरायला निघतो. सगळे गप्प. तेव्हा म्हातारा यंत्रवाला म्हणतो — 'थांब रे, मी पण येतो, चपला घालतो.' तेच नाही!"

मागचा एक पोरगा तर डोळे पुसत होता. "त्याच वाक्यासाठी आलो होतो."

मालक आले. "सहावी फीत ना? तोमेबाई, किती कापलंत?"

म्हणलं, "मालक, तुमच्या डोक्यावर केस आहेत ना, तेवढं." आमचे हे न्हावी होते, ते असते तर पोट धरून हसले असते. मालक हसले नाहीत.

३१ जुलै

अवकाशात चपला कोण घालतं?

२ ऑगस्ट, रविवार

आज ती जागा आली आणि पोरं अंधारात एकसुरात ओरडली, "चपला घालतो!" बाकीचे लोक माना वळवून बघायला लागले. एक बाई मला विचारते, "हे काय?" मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का?

कचऱ्याची पेटी उपसली. तुकडा सापडला. दोनच चित्रं, दोन्हींत सोमाचं नाक. नाकात एवढं लांब वाक्य मावतं का?

पण पोरं खोटं बोलत नाहीत. सगळ्यांना शब्दन् शब्द पाठ. मग मीच जास्त कापलं आणि विसरले? एकसष्ट वय काही फार नाही!

५ ऑगस्ट

मालकांनी शेजारच्या गावातल्या थेटरात फोन केला. तिथं एकाचीही तक्रार नाही. म्हणजे फीत आमच्याकडंच कापली गेली, म्हणजे मीच कापली.

"खरं काय ते सोमवारपर्यंत सांगा, तोमेबाई. कापलं असेल तर ह्यापुढं फितीला हात लावायचा नाही. झाडलोट करा हवं तर."

मी फिरकी घ्यायला तोंड उघडलं, काही सुचंना. मला! सुचंना!

८ ऑगस्ट, शनिवार

मिसाओला म्हणलं, "पोरी, तुला हे पाठ कुठून? मालिका लागून दोन वर्षं झाली."

"टेपवरून. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून भरलाय शेवटचा भाग. भरणारा मुलगा सेंदाईला राहायला गेला. आमच्याकडं त्याच्या टेपवरून उतरवलेली टेप आहे, तिच्यावरून उतरवलेल्या अजून वीस. शंभरदा ऐकलीय!"

"आण. मला ऐकव."

दुपारी घेऊन आली. खिडकीतच लावली. आधी खरखर. मग सोमा बोलतो, एक बाई रडते. मागं सारखं बारीक काहीतरी वाजत होतं. कच कच — मग हवेत दोनदा रिकामं, कच कच.

"ते जहाजाचं यंत्र," मिसाओ म्हणाली.

यंत्र कसलं? ती कात्री होती.

मग सगळे गप्प. आणि हे बोलले.

"थांब रे, मी पण येतो, चपला घालतो."

आमचे हे! ह्यांच्या दुकानात रंगीत टीव्ही होता, शनिवारी पोरं खुर्च्यांच्या मधे बसायची म्हणून सांगायचे; टेप तिथंच भरलेली. कुणाला म्हणाले असतील? एखादं गिऱ्हाईक निघालं असेल. नाहीतर खरंच त्या टीव्हीतल्या पोराला. ह्यांचा काही नेम नव्हता.

स्वतः गेले तेव्हा मला चपला घालायला वेळ दिला का?

मिसाओ म्हणते, "आजी, ऐकलंत ना? मूळ भागात यंत्रवाला पुढं दिसतच नाही. पण आम्हाला माहितेय, तो गेला सोमाबरोबर. म्हणून तर सोमा शेवटी घाबरत नाही."

मी म्हणलं, "परत लाव."

पाच वेळा लावली. ती कंटाळली नाही.

९ ऑगस्ट

सांगितलं की मी सुटले. "मालक, तो आमचा न्हावी बोलतोय, फीत अख्खी आहे." टेपच ऐकवायची. एवढं सोपं.

मग मिसाओला कळणार, सोमाबरोबर जायला जहाजावर कुणीच उठलं नव्हतं.

१० ऑगस्ट, सोमवार

मालकांना सांगितलं — हो, मीच कापलं. हातातून फिती जोडायचा चिमटा काढून घेतला त्यांनी. मिसाओ माझ्याशी बोलंना, जाताना वळून बघितलंही नाही. असू दे! तिच्या सिनेमात हे अजून चपला घालतायत.