मुठीचं अस्सल माप

घणसोली,
गुरुवार

अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री मेव्हणे कुलदीपराव यांसी,

दाजी मानसिंग यांचा सप्रेम नमस्कार. (मायना जुन्या पत्रांतला आहे आणि पहिला शब्द सलग आहे. तुमच्या ताईनं तो तीन तुकड्यांत लिहिला होता, मी पान बदलायला लावलं. उजव्या अंगठ्याला सूज असल्यामुळे अक्षर तिचं आहे. मजकूर विरामचिन्हांसकट माझा.) इकडे सर्व क्षेम. तुमचा गुडघा कसा आहे? आईंना दंडवत सांगा.

पत्रास कारण, आभार. पार्सलनं न पाठवता गावाहून तलवार मांडीवर घेऊन आलात, चहासुद्धा न घेता उलट्या पावली परत गेलात, हे उपकार मी विसरणार नाही. बावन्न वर्षांचा झालो, पण खरी तलवार हातात धरली नव्हती. गच्चीवर दोन वर्षं मर्दानी खेळ शिकलो, तो पुस्तकं आणि मोबाईल समोर ठेवून, हातात वेताची काठी घेऊन. गुरू कोणी नाही, त्यामुळे चुका पूर्णपणे माझ्या स्वतःच्या आहेत.

तलवार म्हणजे तलवार आहे, कुलदीपराव. भिंतीवर लटकवायचा पत्रा नव्हे. पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं आहे, वाकवलं की परत सरळ होतं. धार तेवढी नाही, कारण धारेला परवाना लागतो आणि खेळाला धार लागत नाही. वजन एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. (मार्केटात सत्तावीस वर्षं कांदा-बटाटा तोलतोय, तेव्हा या आकड्यावर वाद नको.) गावच्या वामनकाका लोहारांनी कामात खोट ठेवलेली नाही. खोट असलीच तर मापात आहे, आणि माप मी दिलं होतं.

झालं असं की, वामनकाकांनी निरोप धाडला होता, हात कागदावर ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा आणि कागद पाठवा. मला ते अशास्त्रीय वाटलं. मी कळवलं, ‘मला काय हातात बांगड्या भरायच्या आहेत? मूठ जुन्या तलवारींच्या मापाची करा. पंच्याहत्तर मिलीमीटर. एकाचाही फरक नको.’ जुन्या मुठी लहानच असायच्या, हे मी चार पुस्तकांत वाचलंय. त्या मुठी धरणाऱ्यांनी पन्नास किलोच्या गोण्या उचलल्या नव्हत्या, हे मात्र एकाही पुस्तकात नाही.

त्यात तुमच्या ताईची अट. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘माझ्या घरात बिनकामाची वस्तू राहणार नाही. खंडेनवमीपर्यंत ती वापरात दिसली नाही, तर माझ्या माहेरी परत जाईल.’ खंडेनवमीला शस्त्रपूजेनंतर सोसायटीच्या आवारात मी चार हात करून दाखवणार, हे मी अख्ख्या मार्केटला सांगून बसलेलो. म्हणून रविवारी सकाळी रंगीत तालीम ठेवली. पंचवीस-तीस माणसं जमली. मी आधी भाग समजावून सांगितले. ही मूठ, ही बोटांवरून येणारी लोखंडी कमान, हिला परज म्हणतात, वगैरे. (वीस मिनिटं. तुमची ताई ‘चाळीस’ लिहायला निघाली होती.) मग मुठीत हात घातला. तीन बोटं गेली, करंगळी जाईना. मी म्हटलं, घट्ट बसते तीच अस्सल, आणि दाबली.

बसली. दोन वार फिरवले. काय सांगू, हवेत जो आवाज निघाला, तो वेताच्या काठीतून दोन वर्षांत निघाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. नमस्कार करायला तलवार खाली ठेवावी म्हटलं, तर ठेवताच येईना.

पुढचा पाऊण तास मी सशस्त्र होतो. तालमीआधी फोडलेल्या नारळाचा प्रसाद डाव्या हातानं घेतला. चेअरमन काळजीनं म्हणाले, ‘काका, टेन्शन घेऊ नका, पण बाथरूमला कसं जाणार?’ वॉचमननं शेजारच्या बांधकामावरून ग्राइंडर आणला आणि परज कापू म्हणाला. लोकांनीही माना डोलावल्या. तेव्हा ज्या बाईनं तलवारीला घरात थारा नको म्हणून अट घातली होती, ती पुढं आली आणि म्हणाली, ‘कापायचं तर हात कापा. तलवार माझ्या माहेरची आहे.’

हे वाक्य तिनं आत्ता लिहिताना पेन जरा जास्तच दाबलंय, बघा.

शेवटी तळमजल्यावरच्या वेणूबाई आल्या. मूळच्या शेजारच्या तळवली गावच्या, आगरी. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा तलवारीकडं बघितलं. ‘आरं, बांगरी हाय ही! सगली बाजूला व्हा. पानी आना, साबन आना. मानसिंगा, अंगठा आत दुमर. आक्शी आत! बाय मानूस बांगरी भरताना रडतं का कदी?’ (त्या असंच बोलतात; मी एक अक्षर सुधारलेलं नाही.) त्यांनी अंगठा तळव्यात दाबला, करंगळीचं हाड मुरगाळलं, आणि मूठ सुटली. एवढी पुस्तकं वाचली, पण ही विद्या एकातही नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाया पडून आलो.

आता खरं ऐका. साबण पुसायला म्हणून तुमच्या ताईनं तलवार उचलली. तिचा हात मुठीत असा गेला, जसा काही वामनकाकांनी मोजून घेतला होता. पंच्याहत्तर मिलीमीटर! तिनं सहज एक वार काढला, आणि पुढं उभी असलेली माणसं दोन पावलं मागं सरली. म्हणजे माप अस्सलच होतं, हे कृपया गावात सर्वांना सांगावं. तेव्हापासून मी रोज सकाळी तिला गच्चीवर शिकवतो. खंडेनवमीला हात तीच करणार. तलवार वापरात आली, घरात राहिली, यापरतं मला काय पाहिजे? तुमचे, काकांचे, वेणूबाईंचे ऋण मोठे आहेत. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

आपला,
मानसिंग

ता.क. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, मार्केटातलेच. त्यांना अशीच तलवार हवी आहे. हात जरा रुंद आहे. कागदावर पेन्सिलीनं काढून सोबत जोडला आहे. काकांना माझं नाव सांगण्याची गरज नाही.

ता.क. २. कुलदीप, ही ओळ माझी, ताईची. हे आंघोळीला गेलेत. वामनकाकांना मी सोमवारीच फोन केला. ते हसायलाच लागले. म्हणाले, ‘लग्नात यांचा हात नवरदेवाच्या कट्यारीच्या मुठीत मावत नव्हता, ते मी विसरलो नाही. मोठ्या मुठीची दुसरी मी पहिलीच्या बरोबरीनंच करून ठेवलीय, त्यांचं पत्र यायची वाट बघतोय.’ तर ती तू खंडेनवमीनंतरच आण, आधी नको. दुसरी आली की हे स्वतःच फिरवत बसतील. सध्या एकच आहे म्हणून माझा एक-एक हात धरून शिकवतात, आणि चुकलं तरी ओरडत नाहीत. असं लग्नापासून पहिल्यांदाच चाललंय. तेवढे दिवस मिळू देत मला.