एकाच स्पर्धकाला तिसरा क्रमांक

थॉर्नक्लफ, ९ एप्रिल १९७२

चि. रसेल,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. वि. वि.

तुझी तबकडी पोचली. चिठ्ठीसुद्धा न टाकता नुसती तबकडी पाठवणारा भाऊ मलाच कसा मिळाला, कोण जाणे. बाबांनी वेष्टनावरचं तुझं अक्षर ओळखलं, आणि पुडकं न फोडता भांड्यांच्या कपाटामागे सारून दिलं. तू बाबांचा गिरणीचा बँड सोडून त्या वेट स्लेट्स नावाच्या गिटारवाल्या पोरांमध्ये गेलास, तेव्हापासून या घरात गिटारचा आणि तुझा विषय निघत नाही, हे तुला माहीत आहेच.

मी ते पुडकं काढलं आणि एल्सीआत्याकडे घेऊन गेले. पहिलं गाणं लागताच आत्याने विचारलं की यंत्र बिघडलंय का. दुसऱ्याला तिचा पाय हलायला लागला, आणि तो तिचा नाहीच अशा थाटात ती खिडकीबाहेर बघत बसली. शेवटच्या गाण्यात गिटार थांबून तुझं ते बँडमधलं पितळी कॉर्नेट सुरू होतं ना, तिथे तिने विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, हे माझ्या अंत्यविधीला लावा, पण जरा हळू. गिरणीतल्या मुलींना जेवणाच्या सुट्टीत ऐकवली, तर त्यांनी भोंगा झाला तरी यंत्र बंद करू दिलं नाही. आपल्या बँडचे ढोलवाले स्टॉटकाका म्हणाले की तुमचा ढोलवाला मागे पडतो, पण पोरांत दम आहे. मी स्वतः काय केलं ते विचारू नकोस. डोळे पुसायला पदर नसतो आपल्याकडे, बाहीवर भागवलं.

आता खरं सांगते. बाबांचे कान चाललेत. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्याची ही भरपाई. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यापर्यंत फारसं काही उरणार नाही. बँडला शिकवताना ते पोरांची बोटं बघून चुका काढतात, कुणाला कळू देत नाहीत. म्हणून मी ठरवलंय, त्यांना ही तबकडी ऐकवायचीच, दोन्ही बाजू, सलग. आवडली पाहिजे असं नाही. पण न ऐकता ते बहिरे झाले, तर मी दोघांनाही माफ करणार नाही.

लोभ आहेच, उत्तर आलं तर वाढेलही.

तुझी,
मॅव्हिसताई


लंडन, १५ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

कानांचं वाचून दिवसभर काही सुचलं नाही. मला आधी का नाही कळवलंस? असो, मीही विचारलं नव्हतं.

पण ताई, तू हा हट्ट सोड. इथल्या वर्तमानपत्रात एकाने लिहिलंय की आमची तबकडी म्हणजे चर्च आणि गॅरेज यांचा जमत नसलेला संसार. ते मी हसण्यावारी नेलं. बाबा अर्ध्यात उठून गेले तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. शेवटचं गाणं मी त्यांच्यासाठीच वाजवलंय, हे तुला सांगायला नकोच. त्यांच्यापुरतं वेष्टनात राहिलं तर निदान ते नाकारलं गेलं नाही, असं तरी मला म्हणता येईल.

एल्सीआत्याला सांग, अंत्यविधीला मी स्वतः येऊन वाजवीन, पण तिने घाई करू नये.

राग धरू नकोस, बाकी सगळं धर.

तुझा,
रसेल


थॉर्नक्लफ, १ मे

चि. रसेल,

आशीर्वाद. वि. वि.

हट्ट सोडला नाही. आता नीट बसून वाच.

या महिनाअखेरीस, व्हिटच्या सणातल्या शुक्रवारी, शेजारच्या गावाने बाबांना बँडस्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावलंय. परीक्षकाने कागदांनी खिडक्या झाकलेल्या गाडीत बसायचं, बाहेर कोण वाजवतंय ते विचारायचं नाही, आणि शेवटचा सूर संपेपर्यंत दार उघडायचं नाही. या नियमापायी बाबांनी किती परीक्षकांना फैलावर घेतलंय, ते तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, आता हाच नियम त्यांना बांधू दे.

स्टॉटकाकांनी आपली गाडी तशाच खिडक्या झाकून काल बँडच्या खोलीमागे आणून लावली. मी बाबांना सांगितलं की परीक्षणाच्या सरावाला एक संच आहे, लांबचा आहे, त्याला न्याय हवाय. यात खोटं काय होतं? त्यांनी विचारलं, कुठला. मी म्हटलं, परीक्षकाने विचारायचं नसतं.

ते आत बसले, तयार असल्याची शिट्टी वाजवली, आणि मी गाडीच्या भिंतीला यंत्राचा कर्णा टेकवून आवाज होता तेवढा सोडला. पहिल्याच गाण्याला आत खुर्ची जोरात सरकली. मला वाटलं, संपलं. स्टॉटकाकांनी डोळे मिटून घेतले. पण दार उघडलं नाही. बाजू उलटली तरी उघडलं नाही. तुझं कॉर्नेट सुरू झालं आणि मी रे, चक्क प्रार्थना केली.

तबकडी संपली. मग बाबा डोक्यावर टोपी नीट बसवून बाहेर आले. म्हणाले की या पोराला जन्मभर सांगितलं, तरी हा ओळीच्या मधोमध श्वास घेतोच. आणि तिसरा क्रमांक जाहीर केला. स्टॉटकाकांनी विचारलं की एकच तर स्पर्धक होता, पहिला-दुसरा कोण. बाबा म्हणाले की ते राखून ठेवलेत, आणि घरी जाऊन वाटाण्यांसकट सगळं ताट संपवलं. माझ्याशी अजून बोललेले नाहीत, पण आज माझ्याकडून तुझा पत्ता मागून घेतला.

आता लोभ तू वाढव, मी दमले.

तुझी,
मॅव्हिसताई


थॉर्नक्लफ, २ मे १९७२

चि. रसेल यास,

आशीर्वाद. वि. वि.

निकालाची कारणं देणं परीक्षकाचं काम आहे, म्हणून लिहितो.

पहिली काही गाणी फार आरडाओरड्याची आहेत. आवडली नाहीत. पण ताल सुटला नाही, आणि कुणी अंग चोरलेलं नाही. शेवटचं गाणं वेगळं. तुझा पहिला सूर लागला आणि मी लिहायचं थांबलो. पुढे कॉर्नेट वरच्या सुरांत चढतं, तिथे मला काहीच ऐकू आलं नाही. तू थांबलास की माझे कान थांबले, हे मला ठरवता येईना. जे ऐकलं नाही त्याला मी गुण देत नाही. म्हणून तिसरा.

मॅव्हिसला वाटतं, कानांचं तिने तुला कळवलं हे मला ठाऊक नाही. वाटू दे.

तू घरी ये, आणि ते वरचे सूर माझ्या समोर बसून, माझ्याकडे तोंड करून वाजव. तुझी आई गिरणीत माझ्या पलीकडच्या मागावर असायची. मी तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा त्या खडखडाटात तिच्या उत्तरातलं एक अक्षरही कानावर पडलं नव्हतं. ओठांवरून सगळं समजलं. तुझंही समजेल.

लोभ कमी झाला नव्हता. कळावे.

तुझा,
बाबा