बॉल हेड की गिंबल हेड

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन आटोपून घरी आलो, तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. टाकणारे बाबासो मोहिते, आमच्या वरच्या मजल्यावरचे. मूळचे कराडचे, नोकरीतून रिटायर. फोटोत एकच फ्लेमिंगो, पाण्यात उतरताना. पाय पुढे, पंख पूर्ण उघडे. कौतुकाचे मेसेज वाचून बोट दुखलं. त्यात एक सुमेधाचा. विचारलं, तर म्हणाली, छान आहे म्हणून लिहिलं, तुमचा छान आला की तुम्हालाही लिहीन.
तीस वर्षांच्या संसारात एवढंच ऐकायचं राहिलं होतं.
फोटो ठीक आहे. नशिबाचा भाग जास्त.

२७ जानेवारी
माझे फोटो तटस्थपणे पाहिले. कॅमेरा माझा नवा, लेन्स माझी मोठी, नजरही माझी जास्त कलात्मक. तरी पक्षी हललेले. म्हणजे दोष आधाराचा. माझ्याकडे ट्रायपॉड नाही! निदान झालं. हलकं वाटलं.
बाबासोंकडेही नाही. त्यांनी तांदळाची पिशवी शिवून घेतलीय. ती तळ्याच्या कठड्यावर ठेवतात आणि वर लेन्स टेकवतात. ही फोटोग्राफी नव्हे, हा शिधा झाला.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०
ऑनलाइन मागवलेला ट्रायपॉड घेऊन सीवूड्सच्या तळ्यावर गेलो. वजनाला हलका, म्हणून निवडला. कंबर वाकायला नको म्हणून मधला दांडा पूर्ण वर घेतला. खाडीचा वारा. एकशे चाळीस फोटो, प्रत्येकात पक्षी दुहेरी.
बाबासो म्हणाले, दांडा खाली घ्या की, पाय फाकवा. मी म्हणालो, माहीत आहे. ते निघून गेल्यावर घेतला खाली. फरक पडला. पण तोवर पक्षीही निघून गेले.

८ फेब्रुवारी
वाशीला दुकानात. जाड पायांचा, कार्बन फायबरचा ट्रायपॉड पसंत केला. दुकानदार म्हणाला, हेड कुठलं देऊ? हेड वेगळं घ्यावं लागतं हे मला माहीत नव्हतं, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. बॉल हेड गोळ्यावर फिरतं आणि एका नॉबनं घट्ट होतं. गिंबल हेडवर मोठी लेन्स झोपाळ्यासारखी तोलून राहते, हात सोडला तरी पडत नाही. दुकानदाराच्या मते उडत्या पक्ष्यांना गिंबल. बाबासोंनीही परवा जिन्यात तेच सांगितलं होतं.
बॉल घेतलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
खंड्या समोर बसला होता. नॉब किंचित ढिला केला, तर लेन्सनं धाडकन मान टाकली. बोट मध्ये सापडलं. नख काळंनिळं. फोटो आला तो माझ्या बुटाचा, मात्र अतिशय शार्प.
बाबासोंनी स्वतःचा रुमाल ओला करून बोटाला बांधला. इतका चांगुलपणा माणूस मुद्दामच करत असणार.

२२ फेब्रुवारी
गिंबल आणलं. निर्णय सर्वस्वी माझ्या अभ्यासाचा. सुमेधाला म्हणालो, जुन्याचा एक पार्ट बदलला. ती म्हणाली, आणखी किती पार्ट उरलेत ते एकदाच सांगा.

२ मार्च, रविवार
सव्वासहाला जागा धरली. ट्रायपॉड सरळ उभा आहे की नाही ते दाखवणारा बुडबुडा मध्ये आणत होतो. एक पाय चिखलात रुतायचा, तो वर घेतला की दुसरा. एवढ्यात अख्खा थवा डोक्यावरून गेला. माना वर करून काठावरचे सगळे ओरडत होते. मी मान खाली घालून बुडबुडा बघत होतो.
बुडबुडा मात्र अगदी मध्ये आला होता.

९ मार्च, रविवार
बाबासो आले नाहीत. मोकळं वाटलं. त्यांच्याच जागेवर उभा राहिलो. तरी फोटो बेताचेच. जागेत काही नाही, हे सिद्ध झालं.

१२ मार्च
संध्याकाळी बाबासो घरी आले. सुमेधानं चहा दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मा बशीत सांडला. हाताला कंप सुटलाय. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. पिशवीवर लेन्स टेकवली तरी ती सावरायला हात लागतो, आणि हातच थरथरतो. ते हे हसत सांगत होते.
मग म्हणाले, नंदकुमार, तुमी ह्यातला एवढा अभ्यास केलाय. मला कुठला ट्रायपॉड झेपंल, सांगा की.
सगळ्यात आधी मनात जे आलं ते लिहीत नाही. ही वही कोणी वाचणार नाही, तरीही.
दीड तास सांगितलं. पाय, कॅमेऱ्याखालची प्लेट, हेड, सगळं. ते लिहून घेत होते. अक्षर ओळीबाहेर जात होतं. शेवटी मी म्हणालो, विकत घेऊ नका, आधी माझा वापरून बघा. तोंडातून कसं निघालं कळलं नाही. ते गेल्यावर सुमेधानं भजी केली.

१६ मार्च, रविवार
ट्रायपॉड मीच लावून दिला. लेन्स पुढेमागे सरकवून तोल साधला. बाबासोंनी फक्त एक बोट टेकवलं. लेन्स वळली, थांबली, हलली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मी वाऱ्याला दोष दिला.
माझा कॅमेरा बॅगेतच राहिला.

२३ मार्च, रविवार
बाबासोंना दोन फ्लेमिंगो मिळाले, माना एकमेकींत अडकवून भांडताना. दुकानात फ्रेम करून लावावा असा फोटो. स्क्रीनवर मोठा करून हललेलं काही सापडतं का ते शोधलं. अर्धा तास. नाही सापडलं. म्हणजे माझी निवड अचूक होती.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारून, जेवणाआधी तळ्यावर एक चक्कर. नवा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ बाबासोंना ट्रायपॉडबद्दल विचारायला आले. बाबासोंनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, ह्यांना विचारा, ह्यांच्याएवढं ह्यातलं कुणालाच कळत नाही.
मी पाऊण तास समजावलं. गृहस्थ भारावले. निघताना म्हणाले, सर, तुमचे फोटो कुठे बघायला मिळतील?
मी थोडा विचार केला. आणि बाबासोंचा नंबर दिला.