शेवटचा शब्द सोडायचा

मार्गशीर्ष शुद्ध ३, फसली १३२०. नांदूरघाट.

आलो एकदाचे. केजच्या कचेरीत उर्दू अर्जांच्या नकला करून बोटांना घट्टे पडले होते. आता मी ओव्या रचायच्या आणि सिदूमामांनी त्या दगडावर कोरायच्या. असलं काम मिळायला नशीब लागतं. सिदूमामा पाथरवट, एकटेच असतात. त्यांनी पडवी आम्हाला दिली. माझ्या बायकोनं, वत्सलेनं आल्या आल्या जातं मांडलं आणि तिचं गाणं सुरू. मामांच्या दारात त्यांच्या मयत बायकोच्या, कडूबाईंच्या ओवीचा दगड आहे. नावाची जागा तेवढी खोलगट दिसते.

शुद्ध ६.

इथली रीत न्यारी. घरातल्या माणसाच्या नावाची ओवी कोरून दगड दारात बसवतात, पण शेवटचा शब्द कोरत नाहीत. तो ज्याचा त्यानं रोज सकाळी तोंडानं म्हणायचा. माणूस गेलं की पाथरवट येऊन तेवढा शब्द कोरतो. कावून, असं विचारलं तर मामा म्हणाले, जित्याची ओवी पुरी करत न्हाईत, बस. शेपूट तुटलेली ओवी माझ्या नावावर खपवायची, हे मला मुळीच रुचलं नाही.

शुद्ध १०.

मामा नेकनूरच्या बाजाराला गेलेत. वत्सलेचा दगड तयार आहे, अर्थात शेवट सोडून.

वत्सलेच्या ओठी ओवी, जातं तिच्यासंगं गाई,
तिच्या उंबऱ्याशी माझी पहाट उभी —

'राही' मीच कोरला. दोन अक्षरांना अख्खी दुपार गेली, अंगठा फुटला. पण दिसतोय झकास. वत्सला हसून म्हणाली, हौसेला मोल नसतं.

शुद्ध ११.

दळताना ती 'उभी'पाशी अडली. पुढचा शब्द येईना. मी लई थट्टा केली.

शुद्ध १३.

पाण्याला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून तिनं तांब्या दाखवला. मला 'अहो' म्हणणंही गेलं. हात दगडासारखे गार. मामा परतले, दगड पाहिला आणि 'राही'वरून बोट फिरवत राहिले.

शुद्ध १४.

शब्द खरवडू लागलो तर वत्सलेच्या ओठांतून रक्त — थांबलो. मामांचे पाय धरले. म्हणाले, कोरलेला शब्द माघारी फिरत न्हाई, त्याला एक जीव लागतो. नाव तेवढं बदलता येतं. त्यांनीही तरुणपणी आपलीच ओवी पुरी केली होती. कडूबाईनं माझं नाव छिलून आपलं घातलं, म्हणून मी हाय, असं म्हणून ते तोंड फिरवून बसले.

पौर्णिमा.

नुसता श्वास उरलाय. तोही अडतो — मीच केलं हे, माझ्या मिजाशीनं. तिचं नाव छिललं. तिथं माझं नाव. राधा — कोरलं. किशन — कोरलं.

बोलली ती. राही म्हणाली, दोनदा. पाणी मागितलं. मग 'अहो'.

मला ओ देता येईना. जीभ हलत नाही, म्हणून लिहितो. मामा, तिला यातलं काही सांगू — बोटं गार पडली. तिचं नाव एकदा लिहून ठेवतो, व —